पेव भाड्याचे, हिशेब आपला

कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेले हरिपूर हे सांगलीच्या वेशीवरचे गाव एके काळी हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. जमिनीत खोलवर खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस असे हे पेव. हळद एकाची, पेव दुसऱ्याचे. कीड न लागता माल दीर्घकाळ टिकत असे आणि मालाचा धनी पेवाच्या धन्याला भाडे देत असे. आज संगणकाच्या जगात ज्याला ‘क्लाऊड’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, त्याचा व्यवहार मुळात याच जातीचा आहे. आपली माहिती दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवायची, त्याचेच यंत्र चालवून तिच्यावर काम करायचे आणि वापराप्रमाणे भाडे मोजायचे. मात्र पेवात आपली किती पोती आहेत, ती कधी ठेवली आणि कधी काढायची, हे हळदीच्या व्यापाऱ्याला कोणी विचारावे लागत नसे. आपल्या पतसंस्था, महाविद्यालये आणि साखर कारखाने यांच्या क्लाऊडच्या बिलाविषयी असे सांगू शकणारा माणूस शोधावा लागतो.

प्रस्तुत लेखकाचा क्लाऊडला विरोध नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरले आणि हळदीचे अपरिमित नुकसान झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याची भीषणता कळते. बाजारपेठेतील दुकानेच्या दुकाने पाण्याखाली गेली. कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या कोंदट खोलीत सर्व्हर ठेवणे आणि त्याचीच दुसरी प्रत शेजारच्या कपाटात ठेवणे म्हणजे काय, हे नदीकाठच्या माणसाला निराळे शिकवायला नको. माहितीची एक प्रत पुराच्या रेषेपलीकडे असलीच पाहिजे. ती पुण्यात वा मुंबईत असेल तर उत्तमच. आणि ‘क्लाऊड’ या शब्दाने जे गूढ निर्माण होते, त्यात फारसे तथ्य नाही. मायक्रोसॉफ्टने भारतातील आपली विदागारे २०१५ मध्ये सुरू केली, त्यांपैकी एक पुण्यात आहे. अमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत केंद्र उघडले. केंद्र शासनानेही आपल्या क्लाऊडला ‘मेघराज’ असे सुंदर नाव दिले. नाव मेघाचे असले तरी प्रत्यक्षात त्या वातानुकूलित इमारतीच आहेत आणि तेथे विजेचा मीटर अखंड फिरत असतो.

प्रश्न आहे तो खर्चाच्या स्वरूपाचा. आपल्या सहकारी आणि शैक्षणिक संस्थांची खर्चाची शिस्त एका विशिष्ट पद्धतीवर घडली आहे. तीन दरपत्रके मागवायची, संचालक मंडळापुढे ठेवायची, त्यांतील योग्य ते मंजूर करायचे, वस्तू आली की नोंदवहीत क्रमांक टाकायचा आणि दरवर्षी घसारा धरायचा. सर्व्हर विकत घेतला जात होता तोवर ही पद्धत चोख होती. क्लाऊडच्या बाबतीत मात्र दरपत्रकात दर असतो, प्रमाण नसते. विजेच्या युनिटचा दर ठाऊक आहे म्हणून महिन्याचे बिल सांगता येत नाही, तसेच हे. दिवा कोण लावतो आणि कोण मालवतो, यावर बिल ठरते. आणि नवे यंत्र सुरू करण्यासाठी येथे खरेदी समितीची संमती लागत नाही. कोपऱ्यात बसलेल्या एका तरुण कर्मचाऱ्याने कळ दाबली की पुरते. माझ्या माहितीतील एका संस्थेच्या सभेत क्लाऊडचे बिल ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात आले. भाडे कशाकशाचे, असा एका वयोवृद्ध संचालकांनी प्रश्न केला, तेव्हा उत्तर मिळाले, “साहेब, ते आपोआप लागतं.” पै-पैचा हिशेब लावणाऱ्या माणसांनी ते उत्तर ऐकून घेतले, याचेच मला अधिक वाईट वाटले.

ते आपोआप लागत नाही. साताऱ्यातील एखाद्या महाविद्यालयाने चाचणीसाठी एक यंत्र भाड्याने घेतले आहे, असे समजा. काम दिवसाला दहा तास आणि महिन्याला सव्वीस दिवस चालते, म्हणजे दोनशे साठ तास. पण महिन्याचे तास सातशे तीस. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ते यंत्र बंद केले नाही, तर भाड्याच्या दर शंभर रुपयांतील चौसष्ट रुपये रिकाम्या खोलीतील पंख्यावर गेले. पुढे ते यंत्र काढून टाकले, तरी त्याला जोडलेली साठवण वेगळी मागे राहू शकते आणि तिचे भाडे चालूच राहते. रोज घेतलेल्या सुरक्षा-प्रती जुन्या झाल्या तरी कोणी पुसत नाही. यंत्राला महाजालावर मिळणाऱ्या पत्त्यालाही आता भाडे आहे. अमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून जुन्या पद्धतीच्या प्रत्येक सार्वजनिक पत्त्यास ताशी अर्धा सेंट आकारणी सुरू केली. रक्कम क्षुल्लक वाटते. पण महिन्याला ती साडेतीन डॉलरच्या पुढे जाते आणि विसरलेले पत्ते एकदोन नसतात.

सर्वांत मासलेवाईक आकारणी आहे ती माल बाहेर काढण्याची. माहिती आत घालताना बहुतेक कंपन्या काही घेत नाहीत. ती बाहेर नेताना मात्र ठरावीक मर्यादेपुढे प्रत्येक गिगाबाइटला पैसे लागतात. पेवात पोती फुकट उतरवून घ्यायची आणि काढताना प्रत्येक पोत्यावर पट्टी बसवायची, असा हा न्याय. युरोपने यावर कायदाच केला. तेथील डेटा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, सेवा बदलण्यासाठीचे शुल्क जानेवारी २०२७ पासून पूर्णतः थांबवायचे आहे. त्याची चाहूल लागताच २०२४ च्या आरंभी गुगल, अमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांना हे शुल्क माफ केले. पण ही माफी निघून जाणाऱ्यास आहे. राहणाऱ्याला, रोज आपलीच माहिती खाली उतरवून घेणाऱ्याला, मीटर तसाच आहे.

फुकटाचेही असेच होते. गुगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले आणि जुलै २०२२ पासून जुन्या ग्राहकांनाही संस्थेमागे शंभर टेराबाइटची सामाईक मर्यादा घातली. करोनाकाळात तासन्‌तासांची व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करून तेथे टाकणाऱ्या महाविद्यालयांना एकाएकी झाडलोट करावी लागली. घरोघरच्या छायाचित्रांचेही १ जून २०२१ पासून तेच झाले. पंधरा गिगाबाइट भरले की मुंजीचे फोटो पुसायचे, की भाडे द्यायचे, हा प्रश्न आज कितीतरी कुटुंबांपुढे आहे.

दीर्घ मुदतीच्या सवलतींचे तर सध्या पेवच फुटले आहे. एक वा तीन वर्षे अमुक इतका वापर करूच, अशी हमी दिली तर दर बराच उतरतो. बहात्तर टक्क्यांपर्यंत बचत होईल, असे अमेझॉन सांगते. त्यातील ‘पर्यंत’ हा शब्द वाचायचा असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या भागातील कामाला हंगाम आहे. साखर कारखान्याचे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत आटोपते. त्या काळात काट्यावरच्या वजनाच्या नोंदी आणि ऊसबिले यांचा भार शिगेला असतो. महाविद्यालयाची प्रवेशाची गर्दी जून-जुलैतली. अशा कामासाठी क्लाऊड हे खरोखर वरदान आहे, कारण हंगामापुरते मोठे यंत्र घेऊन नंतर ते लहान करता येते. परंतु हंगामातील शिखर पाहून तीन वर्षांची हमी दिली, तर वरदानातील वर निघून गेला आणि नुसते दान उरले. निदान एक संपूर्ण वर्षाचा वापर डोळ्यांखालून घातल्याखेरीज अशी सही करू नये.

याउलट बँकेची खातेवही बारा महिने, चोवीस तास, जवळपास एकाच गतीने चालते. अशा कामाला भाड्याचे यंत्रच स्वस्त पडेल, असे गृहीत धरता येत नाही. अमेरिकेतील ३७सिग्नल्स या कंपनीचे क्लाऊडचे बिल २०२२ मध्ये बत्तीस लाख डॉलर झाले, तेव्हा तिने स्वतःची यंत्रे विकत घेऊन बाहेर पडण्याचा मार्ग धरला. अर्थात तिच्यापाशी ती यंत्रे सांभाळणारे कसलेले अभियंते होते. तासगाव वा कोरेगावच्या पतसंस्थेने तिची नक्कल करावी, असे मी म्हणणार नाही. पण तुलना तरी मांडावी. त्या तुलनेत रुपयाही धरावा. अमेझॉनसारख्या कंपनीचे दरपत्रक डॉलरमध्ये असते. २०१४ मध्ये साठ-बासष्टच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर २०२४ मध्ये पंच्याऐंशी ओलांडून गेला. वापर काडीचा न वाढताही त्या प्रमाणात बिल वाढले. वर अठरा टक्के वस्तू व सेवा कर. आणि बहुतांश शिक्षणसंस्थांना त्याचा परतावा मिळत नाही.

एकट्या लहान संस्थेला हे सारे पेलणार नाही, हे उघड आहे. पण ज्या जिल्ह्यांनी ऊस एकत्र करून कारखाने उभारले, त्यांना विदा एकत्र ठेवणे अवघड का वाटावे? रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय क्षेत्रासाठी स्वतंत्र क्लाऊड उभारण्याचे जाहीर केले आणि आरंभी तो चालवण्याचे काम आपल्याच ‘इफ्तास’ या संस्थेकडे सोपवायचे ठरवले. नागरी बँकांनी हा पर्याय आपल्या दरपत्रकांच्या तुलनेत जरूर धरावा. १० एप्रिल २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत, सेवा बाहेरून घेताना ती सोडण्याची योजनाही आधी आखावी, असे आहे. ते निर्देश मोठ्या नागरी बँकांपुरते होते. पण शहाणपण लहानांनाही वर्ज्य नाही.

खरी चिंता गावच्या विकास सोसायट्यांची वाटते. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील त्रेसष्ट हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नाबार्डच्या देखरेखीखालील एकच सामाईक प्रणाली, तीही क्लाऊडवर. योजना उत्तम आहे. वाळव्याच्या किंवा माणच्या सोसायटीच्या चिटणिसाला स्वतः सर्व्हर सांभाळावा लागत नाही. परंतु तिचा मूळ आराखडा २०२२-२३ ते २०२६-२७ असा पाच वर्षांचा आहे. त्यानंतर साठवण, दुरुस्ती आणि जोडणी यांचा वार्षिक खर्च कोणाच्या खाती पडेल? सोसायटीच्या की जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या? की व्याजाच्या फरकातून तो कर्जदार शेतकऱ्याच्याच माथी येईल? हा प्रश्न मुदत संपल्यावर विचारण्यात अर्थ नाही. यंदाच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेतच तो यावा.

मोठ्या संस्थांनी तरी उद्यापासून करण्यासारखे एक काम आहे. प्रत्येक भाड्याच्या यंत्राला आणि साठवणीला विभागाचे नाव आणि जबाबदार माणसाचे नाव चिकटवता येते. ती सोय सर्व प्रमुख कंपन्या देतात. अमुक रकमेपुढे खर्च गेला की कोषाध्यक्षांना निरोप यावा, अशी सूचनाही लावून ठेवता येते. मात्र ही सूचना खर्च थांबवत नाही, फक्त कळवते. म्हणून तो निरोप संगणक विभागातच मुरता कामा नये. महिन्याच्या सभेत बिल मोठ्याने वाचावे आणि प्रत्येक ओळीला धनी विचारावा. पंधरा दिवसांत ज्या ओळीला धनी मिळणार नाही, तिची एक प्रत काढून ठेवावी आणि ते यंत्र बंद करावे.