माध्यमाचे आयुष्य आणि संकेताची किल्ली

महानुभावांच्या पोथ्या शतकानुशतके टिकल्या. परंतु सकळ लिपीच्या संकेतामुळे पंथाबाहेरील अभ्यासकाला त्या अगम्यच होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा हे वाङ्मय अभ्यासाच्या कक्षेत आले. संहिता टिकणे आणि ती वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी होत.

संगणकीय संहितेबाबत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये निश्चित झाले. त्याच वर्षी युनिकोडमध्येही देवनागरीला स्थान मिळाले. तथापि पुढेही अनेक वर्षे मराठी ग्रंथांची अक्षरजुळणी निरनिराळ्या फॉन्टांच्या खासगी संकेतांनुसारच होत राहिली. फ्लॉपी सुस्थितीत असली, तरी तो फॉन्ट नसल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हेच उमटतात. शिवाय पोथीइतका अवधी येथे नाही. चुंबकीय थर काही दशकांतच क्षीण होतो.

म्हणून जुनी संहिता केवळ नव्या तबकडीवर उतरवणे म्हणजे जतन नव्हे. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करून ती मुद्रित प्रतीशी ताडून पाहणे, हे पाठचिकित्सेचेच कार्य होय. ते संगणकतज्ज्ञांवर न सोपवता मराठी विभागांनी आपले मानले पाहिजे. आणि ते फॉन्ट वापरलेले अक्षरजुळणीकार उपलब्ध आहेत तोवरच हाती घेतले पाहिजे.