फ्रेंचच्या दारात इंग्रजीचा पहारा कशाला?

चौसाळ्यासारख्या गावातील मुलाने फ्रेंच शिकावयाचे म्हटले, की दोन आक्षेप पुढे येतात. ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या बीड जिल्ह्यात हे चोचले कशाला, हा पहिला. त्यास आमचे उत्तर असे, की ज्यांना पोटासाठी परमुलूख गाठावा लागतो, त्यांच्या मुलांना भाषा अधिक याव्यात, कमी नव्हेत. ज्याचे इंग्रजी कच्चे त्याला फ्रेंच काय येणार, हा दुसरा आक्षेप. तो सुशिक्षितांच्या तोंडचा, म्हणून अधिक घातक. आणि तो साफ चुकीचा आहे.

प्राथमिक फ्रेंचमध्ये विद्यार्थी प्रथम अडखळतो तो नामांच्या लिंगावर. निर्जीव टेबल स्त्रीलिंगी कसे, हे इंग्रजीतून शिकणाऱ्याला गूढ वाटते. भाकरी 'ती' आणि पाव 'तो' म्हणणाऱ्या मराठी मुलाला त्यात नवल कसले? 'मोठा'चे 'मोठी' होते, त्याच न्यायाने फ्रेंच 'ग्राँ'चे 'ग्राँद' होते. फ्रेंचमधील 'त्यु' आणि 'वू' म्हणजे आपले तू आणि तुम्ही. इंग्रजीच्या एकट्या 'यू'ने हा भेद समजावा कसा? आपण 'मी लिहिलेला शब्द', पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणतो. फ्रेंचमध्येही कर्म आधी आले, की त्याच्या लिंगाप्रमाणे 'एक्री'चे 'एक्रित' होते. ऐंशीला फ्रेंच माणूस 'चार वीस' म्हणतो आणि नव्वदला 'चार वीस दहा'. विसांच्या हिशेबाने मोजणाऱ्या आपल्या खेड्यातील आजीबाईंना हे शिकवावे लागणार नाही!

शब्दांचेही तसेच. पाद्री, पाव, चावी हे शब्द पोर्तुगिजांमार्फत आपल्या घरात आले. फ्रेंचमधील पेर, पँ आणि क्ले ही त्यांचीच भावंडे. सर्वांचे मूळ लॅटिन.

अडचणी नाहीत असे आम्ही म्हणत नाही. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, चंद्र तेथे स्त्रीलिंगी आहे, आणि शेवटची कितीतरी अक्षरे लिहावयाची पण उच्चारावयाची नाहीत. वाक्यातील शब्दांचा क्रम समजण्यास इंग्रजीची मदत होते. ती अवश्य घ्यावी. परंतु मदत निराळी आणि प्रवेशाची अट निराळी.

इतिहासही हेच सांगतो. फ्रेंच जेज्वीट फादर एतिएन द ला क्रवा यांचे संत पेत्रावरील मराठी पुराण १६२९ साली गोव्यात छापले गेले. मराठीकडे येण्यास त्यांना इंग्रजीचा पूल लागला नाही. मग मराठीकडून फ्रेंचकडे जाणाऱ्यालाच तो का लागावा?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक टप्प्यावरील परकीय भाषांत फ्रेंचचे नाव घेतले आहे. त्या फ्रेंचचा मार्ग इंग्रजीतूनच जाणार असेल, तर ती शहरातल्या मोजक्या शाळांचे भूषण होऊन बसेल. म्हणून शिक्षकांनी फळ्यावर फ्रेंच रूपासमोर मराठी रूप मांडावे, आणि पालकहो, इंग्रजीत कमी गुण पडलेल्या मुलाला 'तुला भाषा येणारच नाही' असे आपण म्हणू नये. त्याला एक भाषा उत्तम येते. दुसरीचा पाया तिच्यावरच घालावयाचा आहे.