पोर्शेचा राग कोयत्यावर

पुण्याच्या लक्षात काय राहिलं? तीनशे शब्दांचा निबंध. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात विनानंबरची पोर्शे दुचाकीवर आदळली, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते संपले आणि बाल न्याय मंडळाच्या एका सदस्याने सतरा वर्षांच्या चालकाला त्याच दिवशी जामीन दिला. अटी अशा: अपघातांवर निबंध लिही, पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम कर. शहर खवळलं. तीन दिवसांत पोरगा निरीक्षणगृहात गेला. आत्याच्या याचिकेवर २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ती रवानगी बेकायदा ठरवून त्याला सोडलं. तेव्हा शहर पुन्हा खवळलं.

मला त्या जामिनाचा राग येत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम १२ सांगतं की मुलाला जामीन द्यायचा. नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यायचं. राग येतो तो या कलमाच्या चपळाईचा. पोर्शे चालवणाऱ्या या बिल्डरच्या मुलासाठी ते रविवारीसुद्धा कामावर हजर होतं. ज्या पोराच्या आईला मंडळाची तारीख म्हणजे चार घरच्या धुण्याभांड्यांचा खाडा, त्याच्यासाठी तेच कलम एवढ्या लगबगीने धावलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता ‘सज्ञान समजून खटला चालवा’ या आवडत्या मागणीकडे येऊ. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर न्या. वर्मा समितीने अल्पवयीन ठरण्याचं वय खाली आणू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं. संसदेला ते पटलं नाही. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांना ‘घृणास्पद’ गुन्ह्यात मोठ्यांच्या न्यायालयात पाठवायची वाट उघडली. घृणास्पद म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षांची असलेला गुन्हा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्काही मारला. सदोष मनुष्यवधाला जन्मठेप होऊ शकते, पण किमान सात वर्षांची अट नाही. म्हणजे तो घृणास्पद नाही. कोयता उगारून मोबाइल हिसकावणं मात्र घातक शस्त्रानिशी जबरी चोरी, तिला किमान सात वर्षं.

पुन्हा वाचा. दोन जीव घेणारी गाडी या चाळणीतून सुटते आणि एक मोबाइल नेणारा कोयता तिच्यात अडकतो. पोर्शेच्या चालकाला सज्ञान समजा, ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली तेव्हा ज्यांना धक्का बसला, त्यांनी आपणच टाळ्या वाजवून करून घेतलेला कायदा वाचला नव्हता. उद्या तो आणखी कडक करा, अडकणार ते वस्तीतलंच पोर. त्याचा बाप रक्ताचा नमुना कसा बदलून घेणार?

पोर्शेच्या चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाखाली ससून रुग्णालयातले दोन डॉक्टर अटकेत गेले. महाराष्ट्रात बिअरला वय लागतं २१, कडक दारूला २५, गाडीला १८. पोलिसांनीच मांडलेली गोष्ट खरी धरली तर त्या रात्री ही सगळी वयं पोराला दारू आणि गाडी देणाऱ्या मोठ्या माणसांनी धाब्यावर बसवली. आणि आपण बदलायला निघालो ते शिक्षेचं वय! मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून कलम १९९अ आहे: अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद. कुठल्याही दहावीच्या क्लासबाहेर लागलेल्या ॲक्टिव्हांची रांग बघा आणि सांगा, या कलमाला कोण भितं? त्यातली एखादी तुमचीही असेल.

‘पण भाईलोक पोरांना पुढे करतात ना, शिक्षा कमी म्हणून!’ करतात. मग भाईला धरा. त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड लिहून ठेवला आहे. पण भाईच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून कोणाकोणाचे चेहरे असतात ते ठाऊक आहे ना? म्हणून त्याच्याऐवजी पोराची धिंड निघते. चेहरा दाखवायला कलम ७४ ची सक्त मनाई असताना चॅनेलं तिच्यापुढे पळतात आणि पोराला हवी ती ‘हवा’ आपोआप होते. रील त्याला फुकटात मिळतं.

देशात अल्पवयीन आरोपींवर वर्षाला नोंदले जाणारे गुन्हे तीस हजारांच्या आसपास. एकूण गुन्ह्यांत एक टक्काही नाहीत. उरलेले नव्व्याण्णव टक्के करणारे सज्ञानच आहेत. त्यांच्यावर कडक कायदा पहिल्यापासून आहे, आणि त्याने ते किती सुधारले हे आपण रोज पेपरात वाचतो.

तेव्हा पुढचा पुढारी माइक हातात घेऊन ‘वय चौदावर आणा’ म्हणेल, तेव्हा टाळी थांबवा. त्याच्या मतदारसंघात कलम ८३ खाली किती भाईंना शिक्षा झाली आणि १९९अ खाली किती बाप तुरुंगात गेले, हे दोन आकडे आधी मागा.