जखमी माणसालाही पहिली उचल हवी



ऊस तुटून गेला की आपण पहिली उचल कधी पडणार हे आधी विचारतो. अंतिम हिशेब पुढे होईल. पण सोसायटीचा हप्ता, खताची उधारी, पोरांची फी थांबत नाही. म्हणूनच 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांत पैसे द्या, नाहीतर 15 टक्के व्याज द्या, अशी अट आहे. उसाच्या बाबतीत जे कायद्याला कळते, ते अपघातात पाय गेलेल्या माणसाच्या बाबतीत का कळू नये?

आमच्या गटातल्या एका सभासदाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीवर मागून ट्रक आदळला आणि त्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दावा चार वर्षे चालला. तोवर दवाखान्यापायी वीस गुंठे विकले. त्या वेळी मोटार वाहन कायद्याच्या 140 कलमाखाली, चूक कोणाची हे न बघता, कायमच्या अपंगत्वाला 25 हजार रुपये आधी मिळत आणि पुढे अंतिम भरपाईतून वजा होत. उचलच की ती! पण हे त्यांना कोणी सांगितले नाही. मीही नाही, कारण मलाच ठाऊक नव्हते. पुढे निकालाची रक्कम एकदम हाती आली आणि देणी भागवण्यात वर्षात संपली. औषधाचा खर्च मात्र दर महिन्याला आहेच.

आता 140 कलम राहिले नाही. 1 एप्रिल 2022 पासून 164 कलमाखाली, चूक सिद्ध न करता, मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. रक्कम मोठी, पण मेख अशी की, विमा कंपनीकडून तडजोडीत ती स्वीकारली की न्यायाधिकरणातला दावा संपतो. ही उचल नव्हे, अंतिम बिलच. अडलेला माणूस सही करून बसतो. 164अ कलमाने केंद्र सरकारला अंतरिम मदतीची योजना करण्याचा अधिकार दिला आहे. त्यातून आधी मदत आणि नंतर वजावट, हीच पद्धत गावापर्यंत आली पाहिजे.

दुसरे असे की, सगळी रक्कम एकदम देणे हिताचे नसते. विधवा, अज्ञान मुले, निरक्षर वारस यांची रक्कम बँकेत ठेवून व्याज दरमहा द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाचे मार्गदर्शन आहे. 'आमचाच पैसा अडकवला' म्हणून लोक कुरकुरतात. मला ते योग्य वाटते. उणीव एवढीच की ठेवीचे व्याज ठरलेले आणि महागाई वाढती. इंग्लंडात 2005 पासून न्यायालय वर्षानुवर्षे द्यायच्या, महागाईबरोबर वाढणाऱ्या रकमेचा हुकूम करू शकते. जन्माच्या अपंगत्वाला तसाच आधार आपल्याकडेही हवा.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. वकिलाला विचारल्याशिवाय तडजोडीवर सही करू नका. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा संपू देऊ नका. नाहीतर भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येते. आणि ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा. उचल मागायची वेळच न येणे, हे सगळ्यात बरे.

— ऊस विकास अधिकारी