धावण्याचा उतारा काट्यावर दिसत नाही

श्रीरामपूरच्या नेवासा रस्त्याला किंवा संगमनेर रस्त्याला पहाटे धावणारी माणसे साधारण दोन प्रकारची असतात. एक, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर ठरावीक वेळेत पार करायचे असतात. दुसरी, चाळिशी ओलांडलेले दुकानदार, शिक्षक, बागायतदार, बँकेतले कर्मचारी. त्यांना पोट कमी करायचे असते. भरतीवाले मैदानी चाचणी होईपर्यंत टिकून राहतात. पोट कमी करायला निघालेले बरेच जण मात्र महिना-दोन महिन्यांत दिसेनासे होतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: एवढे धावलो, पण काटा हलला नाही.

काटा का हलत नाही, याचा हिशेब सोपा आहे. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे ७० किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला, तर सुमारे ३५० किलोकॅलरी खर्च झाल्या. एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. त्यामुळे एक किलो चरबी उतरवायला रोज पाच किलोमीटर असे २२ दिवस धावावे लागेल, तेही एक घास जास्त न खाता. प्रत्यक्षात धावून आल्यावर भूक वाढते. एक वडापाव आणि गोड चहा घेतला की पाच किलोमीटरचा खर्च जवळजवळ भरून निघतो. रसवंतीवर एक ग्लास उसाचा रस घेतला, तर पाच-सहा चमचे साखर पोटात जाते. शिवाय सकाळी धावलेला माणूस 'आज व्यायाम झाला' म्हणून उरलेला दिवस गल्ल्यावर किंवा खुर्चीत बसून काढतो. शरीर एका हाताने खर्च करते आणि दुसऱ्या हाताने वसूल करते.

याचा अर्थ धावणे निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. चूक धावण्यात नाही, मोजमापात आहे. वजन उतरवण्याचा उपाय म्हणून धावणे गळ्यात मारले जाते आणि वजन उतरले नाही की माणूस धावणेच सोडतो. त्याबरोबर धावण्यामुळे खरोखर मिळत असलेला फायदाही सोडतो. खरे नुकसान हे आहे.

ऊस पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. दोन गाड्यांतल्या उसाचे वजन काट्यावर सारखे भरले, म्हणून त्यांतून साखर सारखीच निघेल असे नाही. वजनाइतकाच उतारा महत्त्वाचा. शरीराचेही तसेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे देऊन हे दाखवले. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचे धावणे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठण्यापुरते, असा मिश्कील खुलासाही त्यांनी केला होता. अर्थात सगळा फरक धावण्याचा नव्हे. आईच्या पोटातले पोषण आणि जन्मवेळचे कमी वजन यांचाही त्यात वाटा असू शकतो, हेही त्यांनी नोंदवले. पण काट्यावरचा आकडा फसवतो, हे एका पानात सिद्ध झाले.

भारतीयांची चरबी पोटावर आणि पोटाच्या आत साठते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात एकूण लठ्ठपणा २८.६ टक्के प्रौढांमध्ये आढळला, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्क्यांमध्ये. म्हणजे वजनाच्या काट्याने 'ठीक' ठरवलेली कितीतरी माणसे कंबरेच्या टेपने धोक्यात निघतात.

वजन न घटताही रोग टळतो, याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त सर्वसाधारण सल्ला दिला, तर दुसऱ्या गटाला रोज किमान अर्धा तास भरभर चालणे आणि आहारात बदल सांगितला. तीन वर्षांत पहिल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटातील सुमारे ३९ टक्के लोकांना. विशेष म्हणजे दुसऱ्या गटाचे वजन म्हणावे तसे घटलेच नव्हते. स्नायू काम करू लागले की रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतात आणि त्यानंतरही काही तास इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देतात. काट्याला यातले काही कळत नाही.

धावण्याबद्दलही असाच पुरावा आहे. अमेरिकेत ५५ हजार प्रौढांच्या पाहणीवर आधारलेला अभ्यास २०१४ मध्ये आला. रोज पाच-दहा मिनिटे, तेही संथ गतीने धावणाऱ्यांमध्येसुद्धा हृदयविकाराने होणारे मृत्यू न धावणाऱ्यांपेक्षा बरेच कमी होते. धावणारी माणसे मुळातच अधिक निरोगी असू शकतात, हे लक्षात घेऊनही एवढे नक्की म्हणता येते की फायद्यासाठी मॅरेथॉनची गरज नाही.

मात्र वजन जास्त असलेल्या माणसाने भरतीच्या मुलांबरोबर पहिल्याच दिवशी शर्यत लावू नये. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट दणका पायाला बसतो. निरोगी गुडघा माफक धावण्याने झिजत नाही, पण घाईने दुखावतो. आधी काही आठवडे रोज अर्धा तास भरभर चालावे. मग पाच मिनिटे चालणे आणि एक मिनिट हळू धावणे, असे आलटून पालटून करावे. धावताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. पाटाच्या कडेचा मातीचा रस्ता डांबरापेक्षा मऊ असतो. चाळिशीनंतर सुरुवात करण्यापूर्वी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दाब, चक्कर किंवा वेगळीच धाप जाणवली तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा-जोर यांसारखा ताकदीचा व्यायामही हवा.

वजन उतरवायचेच असेल तर त्याची किल्ली ताटात आहे. दिवसाला पाच कप गोड चहा पिणाऱ्याने प्रत्येक कपातली दोन चमचे साखर सोडली, तर सुमारे २०० किलोकॅलरी वाचतात. तेवढ्यासाठी त्याला जवळपास तीन किलोमीटर धावावे लागले असते. साखरेऐवजी गूळ घातल्याने हिशेब बदलत नाही. भाकरी-भाताचा वाटा थोडा कमी करून उसळ, डाळ, अंडी, ताक, पालेभाजी वाढवावी. ताटाने वजन उतरवावे आणि धावण्याने शरीर राखावे, अशी कामाची वाटणी ठेवली तर दोन्ही टिकतात.

काही गोष्टी मात्र एकट्या माणसाच्या हातातल्या नाहीत. तिशीपुढच्या लोकांच्या तपासणीसाठी आशाताई जो अर्ज भरतात, त्यात कंबरेच्या घेराचा रकाना आहेच. तो अंदाजाने न भरता टेप लावून भरला गेला पाहिजे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा प्रत्येक घरात माहीत हवी. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात रस्त्यावर असतात. त्याच रस्त्यावर लोकांना धावायला सांगणे हा आरोग्याचा सल्ला होऊ शकत नाही. शाळा-महाविद्यालयांची मैदाने पहाटे आणि संध्याकाळी दिवे लावून सर्वांसाठी उघडी ठेवली, तर बायकांनाही निर्धास्तपणे धावता येईल. आज पहाटे रस्त्यावर दिसणाऱ्या बायका थोड्या आहेत, त्याचे कारण आळस नाही.

धावायला सुरुवात करणाऱ्याने घरातला वजनकाटा तीन महिने कपाटात ठेवावा. त्याऐवजी कंबरेचा घेर, उपाशीपोटीची साखर, रक्तदाब आणि जिना चढताना लागणारी धाप यांची नोंद ठेवावी. वजन तेवढेच राहूनही हे आकडे सुधारले असतील, तर धावणे वाया गेलेले नाही.