शिट्टी हवीच, पण तेवढ्याने भागणार नाही

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याचे इच्छापूर हे महाराष्ट्राच्या वेशीवरचे गाव; टेकडीवरील इच्छादेवीमुळे खानदेशात सर्वपरिचित. याच टापूतून, रावेरकडून बऱ्हाणपूरकडे, भुसावळ-खांडवा हा वर्दळीचा लोहमार्ग जातो. हा सारा मुलूख केळीचा. रुळांलगत उंच बाग उभी असली की रूळ ओलांडणाऱ्याला येणारी गाडी दिसत नाही. तिची शिट्टी तेवढी ऐकू येते. लोहमार्गालगत वस्ती वाढली की मात्र हीच शिट्टी नकोशी होते आणि निदान रात्री तरी ती बंद ठेवावी, अशी मागणी पुढे येते. झोपमोडीची तक्रार खोटी नव्हे. तथापि त्यावरचा हा उपाय घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंजिनचालक लहर लागली म्हणून शिट्टी फुंकीत नाही. फाटकाच्या अलीकडे रुळाशेजारी ‘सी/फा’, म्हणजे सीटी-फाटक, अशी पाटी असते. तेथून फाटक ओलांडेपर्यंत लांब शिट्टी देणे हे त्याचे कर्तव्य होय. बोगद्यापाशी लांब, तर धोक्याच्या प्रसंगी आखूड व वारंवार, असे तिचे संकेत ठरलेले आहेत. रुळाचा तुकडा टांगून केलेली स्थानकावरची जुनी घंटा तिकीटधारक उतारूंसाठी होती. शिट्टी आहे ती रुळावरच्या अनोळखी माणसासाठी.

ती बंद केल्याने काय होते, याचा अनुभव अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने घेतला आहे. 1984 मधील कायद्याच्या आधारे तेथील एका लोहमार्गावर रात्रीच्या शिट्ट्या थांबविण्यात आल्या आणि फाटकांवरील रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झाले. 1991 मध्ये केंद्रीय रेल्वे प्रशासनाने शिट्टी पुन्हा सक्तीची केली, तेव्हा अपघात घटले. पुढे 2005 च्या नियमांनी शांततेला वाव दिला खरा, परंतु फाटकांची सुरक्षितता वाढविण्याची अट घालूनच. आधी बंदोबस्त, मग शांतता, हाच क्रम योग्य होय.

अर्थात शिट्टी म्हणजे अभयदान नव्हे. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडनजीक सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. भुसावळहून रेल्वेने मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाता येईल, या आशेने जालन्याहून पायी निघालेली ही माणसे थकून रुळांवरच झोपली होती. चालकाने शिट्टी वाजविली, गाडी थांबविण्याची शिकस्त केली. परंतु व्हायचे ते होऊन गेले. ज्यांना चालण्यास दुसरी वाट उरली नव्हती, त्यांना शिट्टी कशी वाचविणार?

म्हणूनच खरा उपाय रूळ व रस्ता यांची फारकत करणे हा आहे. सर्व फाटके पाच वर्षांत नाहीशी करावीत, असे अनिल काकोडकर समितीने 2012 मध्येच सुचविले होते. ब्रॉडगेजवरील बिनपहाऱ्याची फाटके 2019 च्या जानेवारीअखेर हटली, ही समाधानाची गोष्ट. पहाऱ्याची फाटके मात्र अद्याप पुष्कळ आहेत. आमच्या कोकण रेल्वेचे विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झाले. वळणे, बोगदे आणि धो धो पाऊस यांच्या या मार्गावर आता गाडी पूर्वीपेक्षा कमी आवाज करीत येते, हे किनारपट्टीच्या वाचकांनी ध्यानी घ्यावे.

ज्यांना शांत झोप हवी, त्यांनी शिट्टीविरुद्ध अर्ज करण्याऐवजी पूल आणि भुयारी मार्ग यांसाठी आवाज उठवावा. रेल्वेनेही तो वेळीच ऐकावा. तोवर एखाद्याची झोप मोडली तरी चालेल. पण कोणाला कायमची झोप लागता कामा नये.