शितावरून भाताची परीक्षा

लेकीला न्यूयॉर्क राज्याच्या परीक्षेला बसवणार नाही, असं शाळेला कळवलं आणि नातेवाइकांत एकच धुरळा उडाला. "पोरीला आत्तापासूनच पळायला शिकवतेयस!"

मंडळी, ही परीक्षा म्हणजे आपली स्कॉलरशिप नव्हे, दहावीचं बोर्ड तर नव्हेच. तिसरी ते आठवी, दरवर्षी इंग्रजी आणि गणित. मूल वरच्या वर्गात जाणार की नाही हे तिच्यावर ठरत नाही. निकाल हातात पडतो तोवर ते बहुधा पुढच्या वर्गात गेलेलंही असतं. मग त्याच्या चुका सुधारणार कोण?

खरं तर ही परीक्षा मुलांची नाहीच, शाळेची आहे. बुशसाहेबांनी २००२ साली 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही केली, तेव्हापासून हे मोजमाप देशभर सक्तीचं झालं. मोजायला माझी ना नाही हो! पण २०१५ मध्ये न्यूयॉर्कने शिक्षकांचं मूल्यमापनही या गुणांना आणखी घट्ट बांधलं. बाईंची नोकरीच गुणांवर टांगली, तर चित्रकला आणि गोष्टींचा तास आधी जाणार, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

त्या वर्षी सुमारे २० टक्के, म्हणजे दोन लाखांच्या आसपास मुलं परीक्षेला बसली नाहीत. डिसेंबरात राज्याने त्या गुणांचा शिक्षकांसाठीचा वापर काही वर्षं थांबवला. २०१८ पासून दर विषयाचे तीन दिवस दोनवर आले. २०१९ मध्ये शिक्षकांसाठीची ती सक्तीही गेली. पळपुट्यांना जमतं का हे?

एक आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. २०१५ मध्येच १२ नागरी हक्क संघटनांनी बजावलं होतं, की गुणच नसतील तर कृष्णवर्णीय, गरीब, अपंग मुलांची आबाळ दिसणार कशी? अगदी रास्त. पण शितावरून भाताची परीक्षा होते ना? इथली 'नेप' ही राष्ट्रीय चाचणी नमुन्यापुरतीच मुलं निवडते, आणि ती दरी स्पष्ट दाखवते. एकेक शाळा तपासायची तर प्राथमिकला एकदा, माध्यमिकला एकदा घ्या. सहा वर्षं ओळीने कशाला?

सगळ्यांनी नकार द्या, असं मी म्हणत नाही. पण इथल्या मराठी आईबाबांनो, क्लासची फी भरण्याआधी शाळेला एवढंच विचारा : या परीक्षेतून माझ्या मुलाला नेमकं काय मिळणार? धड उत्तर आलं, तर खुशाल बसवा.